'गाडी घेतलीत वाटतं!' हे इंग्रजीत कसं म्हणायचं?

सोसायटीच्या दारात नवी गाडी उभी आहे. बॉनेटवर झेंडूचा हार, चाकांखाली चिरडलेली लिंबं. गाडीचा मालक जिन्यात भेटतो आणि आपण म्हणतो, 'काय, गाडी घेतलीत वाटतं!' गाडी घेतली की नाही हे आपण विचारत नसतो, ती समोर दिसतेच आहे. मला कळलं बरं का, आता पुढचं तुम्ही सांगा, एवढाच त्या 'वाटतं'चा अर्थ.

आता हे इंग्रजीत म्हणून बघा. बरेच जण 'हॅव यू बॉट अ कार?' म्हणतील. तो कोरा प्रश्न झाला, जणू गाडी दिसलीच नाही. काही जण 'यूव्ह बॉट अ कार, हॅवन्ट यू?' म्हणतील. त्याचा सूर 'गाडी घेतलीयत ना तुम्ही?' असा लागतो, म्हणजे मला पक्कं ठाऊक आहे, तुम्ही फक्त हो म्हणा. 'वाटतं'च्या जागी इंग्रज माणसाच्या तोंडात येतं ते असं: 'सो यूव्ह बॉट अ कार, हॅव यू?'

दहावीपर्यंत मराठी माध्यमात इंग्रजी शिकलेल्या माणसाला हे वाक्य चूकच वाटणार. वाक्य होकारार्थी तर टॅग (म्हणजे शेवटी जोडलेला छोटा प्रश्न) नकारार्थी, वाक्य नकारार्थी तर टॅग होकारार्थी, हा नियम आपण पाढ्यांसारखा घोकलेला असतो. 'ॲड अ क्वेश्चन टॅग' हा प्रश्न हातचा मार्क देणारा, म्हणून त्याचा सरावही भरपूर होतो. नियम खोटा नाही. पण तो एकाच जातीच्या टॅगांचा आहे, आणि आश्चर्य, संशय, टोमणा हे सगळं मुख्यतः दुसऱ्या जातीत राहतं. (परीक्षेत मात्र घोकलेलाच नियम लिहा. तिथे 'हॅव यू' लिहिलंत तर मार्क जाईल.)

सोयीसाठी शाळेतल्या टॅगला उलट टॅग म्हणू आणि या दुसऱ्याला सुलट. विणकामातल्या टाक्यांसारखं.

सुलट टॅग घालायचा कसा

कृती ओळखीचीच आहे, फक्त शेवटची पायरी गाळायची. वाक्यातलं साहाय्यकारी क्रियापद, किंवा इज, ॲम, आर, वॉज, वेअर यांपैकी जे असेल ते, उचला. ते नसेल तर काळ बघून डू, डझ किंवा डिड घ्या. कर्त्याच्या जागी सर्वनाम ठेवा. 'नॉट' लावू नका.

'युवर ब्रदर वर्क्स इन दुबई, डझ ही?' 'शी सोल्ड द फ्लॅट, डिड शी?' 'द मीटिंग इज कॅन्सल्ड, इज इट?'

अडचण येते ती आखडलेल्या, संक्षिप्त रूपांमध्ये. 'हीज लेफ्ट द जॉब' यातला 'ज' हा 'हॅज'चा आहे, म्हणून टॅग 'हॅज ही'. 'हीज लीव्हिंग द जॉब' यातला 'ज' हा 'इज'चा, म्हणून 'इज ही'. कानाला दोन्ही सारखेच, तेव्हा पुढचं क्रियापद बघूनच ठरवावं लागतं. तसंच 'दे'ड'चं: 'दे'ड गॉन' असेल तर 'हॅड दे', 'दे'ड गो' असेल तर 'वुड दे'. 'यूव्ह गॉट अ न्यू फोन' याला 'हॅव यू', पण 'यू हॅव अ न्यू फोन' याला आजच्या बोलण्यात 'डू यू', आणि 'यू हॅव टू गो' यालाही 'डू यू'. 'धिस' आणि 'दॅट' टॅगमध्ये 'इट' होतात. 'समवन', 'एव्हरीवन' हे एकवचनी असूनही टॅगमध्ये 'दे' होतात आणि क्रियापदही अनेकवचनी घेतात.

आणि सुलट टॅग होकारार्थी वाक्यालाच लावा. 'सो यू डोन्ट लाइक इट, डोन्ट यू?' ही जोडी तर्काने बरोबर वाटते, पण बहुतेक इंग्रजी कानांना ती खटकते. नकारार्थी गोष्टीचं आश्चर्य दाखवायला इंग्रजीत दुसरी सोय आहे: वाक्याच्या शेवटी 'देन'. 'सो यू आर नॉट कमिंग, देन?' म्हणजे आपलं थेट 'म्हणजे तू येणार नाहीस तर?' हा 'देन' आणि आपला 'तर' एकाच जागी बसतात आणि एकच काम करतात, ही मोठी सोय आहे.

हे मी म्हणत नाही

उलट टॅगमध्ये विधान माझं असतं आणि तुम्ही त्याला मान डोलवावी अशी अपेक्षा असते. सुलट टॅगमध्ये विधान माझं नसतंच. ते मी तुमच्या बोलण्यातून, चेहऱ्यावरून, दारातल्या गाडीवरून उचललेलं असतं, आणि टॅग लावून मी ते तुमच्या हातात परत ठेवतो. म्हणूनच 'माय नेम इज सुरेश, इज इट?' हे वाक्य स्मृती गेलेल्या माणसालाच शोभेल. स्वतःचं नाव दुसऱ्याकडून कोण उचलतं? पण 'आय ॲम लेट, ॲम आय?' चालतं, कारण घड्याळ न बघता समोरच्याच्या कपाळावरच्या आठ्या बघून मी ते ताडलेलं असतं.

दोघे गॅलरीत उभे राहून स्वच्छ ऊन बघत असतील तर 'इट्स अ लव्हली डे, इज इट?' विचित्र वाटेल, तिथे 'इजन्ट इट' हवं. मात्र लंडनमधली मुलगी फोनवर म्हणाली की आम्ही सगळे बागेत बसलोय, तर आईने 'ओ, इट्स अ लव्हली डे देअर, इज इट?' म्हणणं अगदी बरोबर. हवेची बातमी मुलीची, आईने फक्त ताडलं.

मराठीत या कामाला वेगवेगळे शब्द नेमलेले आहेत, आणि आपण ते नकळत अचूक वापरतो. डोळ्यांनी दिसलं त्यावरून ताडलं तर 'वाटतं'. कानावर आलं तर 'म्हणे': 'पुणं सोडताय म्हणे?' म्हणजे 'सो यू आर लीव्हिंग पुणे, आर यू?' बोलता बोलता निष्कर्ष निघाला तर 'म्हणजे' आणि 'तर'. आणि अंधारात कुणाची चाहूल लागून मग ओळख पटली तर 'होय': 'तू होय!' म्हणजे 'ओ, इट्स यू, इज इट?' इंग्रजीत या चौघांचं काम एकटा सुलट टॅग करतो.

यातून एक चाचणी मिळते, ती व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा लवकर कामाला येते. इंग्रजी वाक्य बोलण्याआधी ते मराठीत मनात म्हणा. शेवटी 'ना' किंवा 'नाही का' आलं तर उलट टॅग. 'वाटतं', 'म्हणे', 'तर', 'होय' यांपैकी काही आलं तर सुलट.

टोमण्याचं बीजही इथेच आहे. 'तो डॉक्टर आहे म्हणे' ही बातमी आणि 'मोठा डॉक्टर म्हणे!' हा टोमणा. 'म्हणे' दोन्हीकडे तोच: हे त्याचं म्हणणं, माझं नव्हे. दावा मोठा आणि पुरावा तोकडा असला की ते परत देणं आपोआप बोचरं होतं. 'ही इज ॲन एक्स्पर्ट, इज ही?' याचं भाषांतर 'तो तज्ज्ञ आहे का?' असं केलं की सगळी गंमत गेली. 'तज्ज्ञ म्हणे!' इतकंच पुरे. सबटायटलांमध्ये ही चूक पावलोपावली दिसते, प्रत्येक टॅगला सरसकट 'नाही का?' चिकटवलेलं असतं.

टोमण्यासाठी काही क्रियापदं इंग्रजीत जवळजवळ राखीव आहेत. पहिलं 'थिंक': 'यू थिंक यू आर क्लेव्हर, डू यू?' म्हणजे 'स्वतःला फार शहाणा समजतोस काय?' दुसरं 'कॉल': 'यू कॉल दॅट अ क्लीन किचन, डू यू?' म्हणजे 'याला तू आवरलेलं स्वयंपाकघर म्हणतोस होय?' तिसरी 'आयडिया ऑफ' ही घडण: 'दॅट्स युवर आयडिया ऑफ अ जोक, इज इट?' म्हणजे 'हा तुझा विनोद होय!' इथे टॅग कुठल्या क्रियापदाचा घ्यायचा यात गफलत होते. 'यू थिंक' असेल तर टॅग 'थिंक'चा, म्हणून 'डू यू', 'आर यू' नव्हे. पण कर्ता 'आय' असेल तर टॅग आतल्या वाक्याचा: 'आय थिंक हीज राइट, इजन्ट ही?' कारण तिथे 'आय थिंक' हे नुसतं तोंडी लावणं असतं.

समोरच्याचंच वाक्य अर्धं तोडून त्याला सुलट टॅग जोडला की धमकी तयार होते. वॉचमन सांगतो, 'युवर सन इज प्लेइंग क्रिकेट इन द पार्किंग.' आई म्हणते, 'ओ, ही इज, इज ही?' मराठीत: 'खेळतोय काय! बघतेच त्याला.' मघाशी निषिद्ध ठरवलेली नकारार्थी जोडी फक्त इथे खपते. 'आय वोन्ट डू इट.' 'ओ, यू वोन्ट, वोन्ट यू?' जुन्या ब्रिटिश शाळकथांतल्या छडीवाल्या हेडमास्तरांना हे शोभतं. आपण ऐकून समजून घ्यावं, वापरायच्या भानगडीत पडू नये.

सूर

एकच वाक्य घेऊन नीट बघू: 'सो यूव्ह बॉट अ कार, हॅव यू?'

जोर 'कार'वर, आणि तिथे आवाज खाली येतो. तो जिथे येऊन थांबला तिथूनच टॅग सुरू होतो आणि थोडासा वर जातो. टॅगमधल्या दोन शब्दांपैकी वजन 'हॅव'वर, 'यू' हलका, जवळजवळ गिळलेला: 'हॅव्यू'. मराठी बोलणाऱ्यांची हमखास चूक म्हणजे 'यू'वर जोर देणं. 'हॅव यूऽ?' असं झालं की अर्थ बदलतो, 'आणि तुम्ही? तुम्हीही घेतलीत?' असं काहीतरी ऐकू जातं.

दुसरी चूक स्वल्पविरामाची. कागदावर तो लागतोच, पण तोंडात तिथे थांबायचं नसतं. आपण 'घेतलीत' आणि 'वाटतं' यांच्यात थांबतो का? 'वाटतं' आधीच्या शब्दाला शेपटीसारखं चिकटतं. टॅगही तसाच चिकटायला हवा. मध्ये अर्धा सेकंद गेला की टॅग हा दुसरा स्वतंत्र प्रश्न होतो आणि ऐकणाऱ्याला उलटतपासणी चालल्यासारखं वाटतं. जोडून म्हटलं की अक्षरंही बदलतात: 'डिड यू'चं 'डिज्यू', 'वुड यू'चं 'वुज्यू', 'डोन्ट यू'चं 'डोन्च्यू'. ही रूपं कानाला ओळखीची नसतील तर मालिका बघताना टॅग निसटूनच जातो.

आता भाव. आनंदाचं आश्चर्य असेल तर सगळं वाक्यच वरच्या पट्टीत सुरू होतं, 'कार' वरून खाली घसरते आणि टॅग पुन्हा बराच वर चढतो. संशय असेल तर वाक्य संथ, पट्टी खालची, टॅगची चढण जेमतेम. टोमण्यात चढउतार आणखी आखडतात, आवाज सपाट होतो, 'सोऽऽ' लांबतो आणि ज्या शब्दावर डोळा आहे तो ताणला जातो: 'यूव्ह बॉऽट अ कार, हॅव यू.' (उधारीवर आणली असणार, असं त्यात न बोलता येतं.) म्हणजे सपाट आवाज हा टोमण्याचा आवाज. आणि नेमकी इथेच आपली पंचाईत आहे. परक्या भाषेत चाचपडत बोलताना आवाज सपाटच लागतो, त्यामुळे मनात कौतुक असूनही सुलट टॅग टोमणा होऊन बाहेर पडतो.

सराव करायचा तर शब्दांशिवाय करा. वाक्य नुसतं गुणगुणा, ओठ मिटून, आणि फोनवर रेकॉर्ड करा. तिन्ही भाव एकामागोमाग. दुसऱ्या दिवशी ऐकताना कुठला भाव कुठला हे ओळखू आलं नाही तर सूर अजून सपाट आहे. पंधरा-वीस वेळा केलं की फरक पडतो. शब्द घालून सराव केला तर लक्ष व्याकरणाकडे जातं आणि सूर मागे राहतो.

उलट टॅगचा टोमणा

टोमणा हा फक्त सुलट टॅगचा मक्ता नाही. उलट टॅगने तो वेगळ्या वाटेने येतो: धडधडीत खोटी स्तुती करायची आणि टॅग लावून समोरच्यालाही तिच्यात ओढायचं. स्नेहसंमेलनात माइक बंद पडला, पडदा अडकला, पाहुणे निघून गेले. विंगेत कुणी म्हणतं, 'वेल, दॅट वेन्ट वेल, डिडन्ट इट?' मराठीत 'फारच छान झालं की!' मदतीला येतो म्हणून न आलेल्याला 'यू आर अ ग्रेट हेल्प, आरन्ट यू?' म्हणजे 'फार मदत झाली हो तुझी!'

इथे टॅगचा सूर खालीच जायला हवा. तो वर गेला की वाक्य खरा प्रश्न बनतं, आणि समोरचा बिचारा प्रामाणिकपणे 'नॉट रिअली' म्हणून मोकळा होतो.

मोठ्या माणसाला लहान मूल समजून बोलण्याचीही एक तऱ्हा आहे. रुसून बसलेल्या नवऱ्याला 'वी आर इन अ गुड मूड टुडे, आरन्ट वी?' त्यात 'वी' म्हणजे 'आपण' नव्हे, 'तू'. आपलीही लाडात किंवा रागात 'आज स्वारी खुशीत दिसते' अशी बोलायची रीत आहेच, फक्त आपण माणसाची स्वारी करतो आणि ते अनेकवचन करतात. 'समवन्स हंग्री, आरन्ट दे?' हाही त्याच घरचा, तिसऱ्याच कुणाबद्दल बोलतोय असं दाखवून समोरच्यालाच मारलेला टोला.

झाल्या गोष्टीवर चिडचिड काढायला दोन साचे पाठ असावेत. 'यू हॅड टू ओपन युवर माउथ, डिडन्ट यू?' म्हणजे 'तोंड उघडायलाच हवं होतं, नाही का!' ('हॅड टू'ला टॅग 'डिडन्ट', 'हॅडन्ट' नाही.) आणि 'यू कुडन्ट वेट फाइव्ह मिनिट्स, कुड यू?' म्हणजे 'पाच मिनिटं दम निघाला नाही ना!'

उलट टॅगचा इंग्रजीतला सर्वांत गाजलेला टोमणा कोर्टात मारला गेला. १९६३ साल, ब्रिटनचे युद्धमंत्री जॉन प्रोफ्युमो यांना राजीनामा द्यायला लावणारं प्रोफ्युमो प्रकरण. त्या प्रकरणात अडकलेल्या स्टीफन वॉर्ड यांच्यावरच्या कारवाईत मॅन्डी राइस-डेव्हिस ही तरुणी साक्ष देत होती. लॉर्ड ॲस्टर तिच्याशी असलेले संबंध नाकारतात, असं वकिलाने तिला सांगितलं. तिचं उत्तर: 'वेल, ही वुड, वुडन्ट ही?' कोर्टात हशा पिकला आणि पुढे ते वाक्य म्हणीसारखं रूढ झालं. बहुतेक जण आता त्यात 'से दॅट' घालून 'ही वुड से दॅट, वुडन्ट ही?' म्हणतात.

हे वाक्य इतकं धारदार का, ते 'वुड'मध्ये आहे. जोर देऊन उच्चारलेला 'वुड' म्हणजे 'त्याच्याकडून दुसरं काय होणार' असं स्वभावावर ठेवलेलं बोट. वर टॅग सूर खाली सोडून येतो, त्यामुळे वादाला जागा उरत नाही. मराठीत हे टॅगने होत नाही, 'च' आणि 'की'ने होतं: 'तो नाहीच म्हणणार की!' 'नाही म्हणेल, नाही का?' असं भाषांतर केलं तर कोर्टात कुणी हसणार नाही.

याच्याही पुढची पायरी भांडणाची आहे. ब्रिटिश इंग्रजीतल्या टॅगांवर लिहिणारे अमेरिकन अभ्यासक जॉन आल्जिओ यांनी दोन उद्धट जाती वेगळ्या काढल्या आहेत. एकीत बोलणारा सगळ्यांना माहीत असलेलं सत्य सांगून तोंड बंद करतो: 'आय कान्ट बी इन टू प्लेसेस ॲट वन्स, कॅन आय?' म्हणजे 'एका वेळी दोन ठिकाणी कसा असेन मी?' दुसरी जास्त चमत्कारिक. तीत बोलणारा अशी गोष्ट सांगतो जी समोरच्याला माहीत असणं शक्यच नाही, आणि टॅग असा लावतो की जणू ती माहीत नसणं हा त्याचाच गुन्हा. 'सकाळी फोन का उचलला नाहीस?' 'आय वॉज इन द बाथ, वॉजन्ट आय?' आता तो अंघोळीला गेला होता हे फोन करणाऱ्याला कसं कळावं? पण टॅगमुळे ओशाळायची पाळी त्याच्यावर येते. मराठीत हे काम 'ना' चढवून होतं: 'अंघोळीला गेलो होतो ना मी!' लंडनच्या बोलीत या जातीची रेलचेल आहे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, हा मला का विचारतोय? तो विचारत नसतो.

आज्ञेला लागणारे टॅग थोडक्यात. 'सिट डाउन, वोन्ट यू?' हे आर्जव. 'सिट डाउन, विल यू!' सूर खाली टाकून म्हटलं तर वैताग. 'बी क्वाएट, कान्ट यू?' म्हणजे 'गप्प बसवत नाही का तुला?' नकार वैताग वाढवेल की कमी करेल हे टॅगमधल्या क्रियापदावर ठरतं, तेव्हा हे तीन साचे तसेच्या तसे लक्षात ठेवणं बरं.

ऑफिसात काय बिघडतं

सगळ्यात जास्त बिघडतं ते लिहिताना, कारण तिथे सूरच नसतो. वरिष्ठांना चॅटवर 'सो यूव्ह अप्रूव्ह्ड द लीव्ह, हॅव यू?' पाठवलंत तर ते 'काय, केली म्हणे मंजूर!' असं वाचलं जाऊ शकतं. लेखी विचारताना कोरा प्रश्नच बरा: 'हॅव यू अप्रूव्ह्ड माय लीव्ह?' हाताखालच्या माणसाला 'यूव्ह चेक्ड द फिगर्स, हॅव यू?' लिहिणं म्हणजे तपासले नसतील असं आडून सुचवणं. तसंच सुचवायचं असेल तर उत्तम वाक्य आहे, नसेल तर त्यातून उगाच मन दुखावतं.

कुणी चांगली बातमी दिली की पूर्ण सुलट टॅग टाळा, निदान सूर हातात येईपर्यंत. 'आय गॉट द प्रमोशन' याला 'ओ, यू गॉट द प्रमोशन, डिड यू?' हे सपाट आवाजात फार वाईट लागतं. त्याऐवजी नुसता टॅगच उत्तर म्हणून द्या: 'डिड यू? दॅट्स वंडरफुल!' मागून कौतुकाचा शब्द आला की गैरसमजाला वाव उरत नाही. नकारार्थी बातमीलाही हेच: 'आय डोन्ट ड्रिंक टी.' 'डोन्ट यू?' म्हणजे 'चहा पीत नाहीस? कमाल आहे!'

मग आपलं लाडकं 'इजन्ट इट'. 'यू आर कमिंग टुमॉरो, इजन्ट इट?' हे 'ना'चं सरळ कलम आहे: मराठीत 'ना' कर्ता बघत नाही, काळ बघत नाही, तर इंग्रजीत तरी का बघावं? यात लाज वाटण्यासारखं काही नाही. वेल्समध्ये 'इजन्ट इट' आणि लंडनमध्ये 'इनिट' याच पद्धतीने कुठल्याही वाक्यामागे लागतात. 'यू आर कमिंग, नो?' हेही आपल्याकडे सर्रास चालतं. तक्रार एवढीच की एकच टॅग सगळीकडे लावला की उलट-सुलट हा भेदच हातून जातो. 'इजन्ट इट' म्हणणाऱ्याला मान्यता मागता येते, पण आश्चर्य दाखवता येत नाही आणि टोमणा मारता येत नाही. त्याहून वाईट म्हणजे मारलेला टोमणा कळत नाही.

अमेरिकन लोकांशी काम असेल तर या सगळ्याची गरज कमी. गुनेल टॉटी आणि सेबास्टियन हॉफमन या भाषाअभ्यासकांनी २००६ साली ब्रिटिश आणि अमेरिकन संभाषणांच्या संग्रहांची तुलना केली, तेव्हा ब्रिटिश बोलण्यात असे टॅग सुमारे नऊपट जास्त निघाले. अमेरिकन माणूस तेच काम 'राइट?', 'हं?' किंवा पुढे 'सो' लावून निभावतो: 'सो यू बॉट अ कार, हं?' त्याला सुलट टॅग कळतो, पण तो त्याला ब्रिटिश वाटतो. लंडन, मँचेस्टर, सिडनी इथल्या मंडळींशी बोलणं असेल तर मात्र दिवसातून दहादा कानावर येणार.

राहता राहिलं उत्तर देणं. साध्या आश्चर्याच्या सुलट टॅगला 'येस, लास्ट वीक' असं थोडं पुढचं सांगावं. नुसतं 'येस' तुटक वाटतं, कारण टॅग लावणाऱ्याने पुढचं बोलणं तुमच्याकडे सोपवलेलं असतं. नकारार्थी वाक्याच्या उलट टॅगला जपा: 'यू आर नॉट कमिंग, आर यू?' याला येणार नसाल तर 'नो'. मराठीच्या सवयीने 'येस' (हो, नाही येत) म्हटलं तर तुमच्यासाठी पान मांडलं जाईल. भांडखोर टॅगला उत्तरच द्यायचं नसतं. आणि टोमण्याला दोन वाटा आहेत: तो न कळल्यासारखं करून सरळ उत्तर द्यायचं, 'यू थिंक यू आर क्लेव्हर, डू यू?' 'येस, क्वाइट.' किंवा सुलट टॅगच परत फेकायचा: 'ओ, यू नोटिस्ड, डिड यू?' म्हणजे, 'आलं वाटतं लक्षात!'